दोन तासांच्या आतली बातमी

१९७३ च्या उन्हाळ्यात माझा दिवस दोन-दोन तासांच्या तुकड्यांत कापलेला होता. सासऱ्यांना अर्धांगवायू झाला होता. उजवी बाजू गेली होती, वाचा जवळजवळ गेली होती, आणि नगरच्या डॉक्टरांनी घरी सोडताना एकच गोष्ट तीनदा सांगितली होती: दर दोन तासांनी कूस बदला. एकाच कुशीवर पडून राहिले तर कमरेजवळची कातडी मरते, तिथे जखम होते, आणि या वयात ती जखम माणसाला घेऊन जाते. तेव्हापासून पहाटे पाचला डावी कूस, सातला उताणं, नऊला उजवी कूस, अकराला पुन्हा डावी, असं दिवसरात्र चाललं होतं.

घर मिरजगावात, नगर-सोलापूर रस्त्याच्या कडेला. माणसं पाच. सासरे, सासूबाई, मी, तीन वर्षांची मुलगी आणि नवरा. नवरा पिंपरीच्या एका कारखान्यात होता, महिन्यातून एकदा यायचा. सासूबाईंचे गुडघे धरलेले होते, बसलं की उठायला त्यांना भिंत लागायची. त्यामुळे सासऱ्यांना हलवणं माझ्याकडे. अंगाखाली दुहेरी चादर घालायची, तिचं एक टोक धरून ओढायचं आणि माणूस वळला की पाठीशी उशी लावायची. हे मी एकटीनं करायला शिकले होते. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. टँकर एका दिवसाआड येई. ओली झालेली फडकी मी एका बादलीत धूत असे आणि तेच पाणी दुसऱ्या वेळी पहिल्या पाण्याला वापरत असे.

हे झालं एक काम. दुसरं काम बातम्यांचं होतं.

सासरे निवृत्त प्राथमिक शिक्षक. गाव त्यांना गुरुजी म्हणे. नगरच्या एका दैनिकाचे ते सोळा वर्षं मिरजगावचे वार्ताहर होते. दिवाळीनंतर त्यांना झटका आला. महिन्याभरानं संपादकांचं कार्ड आलं, बऱ्याच दिवसांत बातमी नाही, प्रकृती ठीक आहे ना. ते कार्ड मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी डाव्या हातानं कपाटाकडे बोट दाखवलं. कपाटात कोरे कागद होते. मी बाजारात आलेल्या कडब्याची बातमी लिहिली, त्यांना वाचून दाखवली, त्यांनी मान हलवली, आणि ती त्यांच्या नावानं गेली. चार दिवसांनी छापून आली. मग मी थांबले नाही. टँकरच्या रांगेत, दळणाच्या गिरणीवर, दवाखान्याच्या ओट्यावर जे कळे ते विचारून घ्यायचं आणि लिहायचं. संपादकांना हे ठाऊक नव्हतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. ही बातमीदारी माझ्या अंगावर आली आणि मी ती निभावली, असं मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं. ते खरं नाही. माझं माहेर राहात्याचं. सातवीत असताना दुपारी मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर मी म्हाताऱ्या माणसांना वर्तमानपत्र वाचून दाखवत असे. एकदा आमच्याच गल्लीतल्या विहिरीची दरड कोसळल्याची बातमी आली. दोन ठार, असं लिहिलं होतं. त्यातला दुसरा ठार माणूस माझ्यासमोर बसून ऐकत होता. सगळे हसले, तोही हसला. मग तो म्हणाला, "पोरी, ह्यांना कोनीतरी खरं सांगाया पायजे." त्या दिवशी मारुतीपुढे हात जोडले तेव्हा हे काम मला देवानं नेमून दिलं असं मला वाटलं. मी नवस केला नाही, काही मागितलंही नाही. मला सांगितलं गेलं, असं वाटलं, आणि ते वाटणं पुढे कधी गेलं नाही. लग्न झालं, मुलगी झाली, तरी गेलं नाही. सासऱ्यांच्या आजारपणात ते पुरं व्हायला लागलं आणि त्याच आजारपणानं माझे हात बांधले. दोन्ही गोष्टी देवाच्याच असतील तर त्यानं दोन्हींना वेळ एकच का दिली, हे मी त्याला त्या काळात रोज विचारत होते.

मार्चच्या अखेरीस संपादकांचं पत्र आलं. तुमच्या अलीकडच्या बातम्या चांगल्या असतात, पूर्वीपेक्षा नेमक्या असतात. आम्ही तालुक्याला अधिकृत वार्ताहर नेमत आहोत, अंकात नाव छापू, आपण जबाबदारी घ्याल का? पत्र सासऱ्यांच्या नावानं होतं. उत्तर मी माझ्या नावानं लिहिलं. बातम्या मी लिहिते, मी त्यांची सून, मॅट्रिक झालेली आहे, संधी मिळाल्यास काम करीन. उलट टपाली कार्ड आलं: गुरुवारी कार्यालयात भेटा, तोवर बातम्या नेहमीप्रमाणे पाठवा.

कार्ड सासूबाईंनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"गुरुवारी नगरला जायचं म्हनतीस. मग ह्यांची कूस कोन बदलनार? मी?"

"शेजारच्या काकूंना सांगते."

"ती एकदा येईल, दोनदा येईल. तिच्या घरी का मानसं न्हाईत?"

"एकच दिवस आहे, आत्याबाई."

"सगळं एक दिवस म्हनूनच सुरू हुतं. देवानं तुला ही शेवा दिली, ती कर. पेपर का देवानं दिला?"

"हो. तोही त्यानंच दिला."

"मग त्यालाच बलीव चादर वढायला."

 मुलगी लगेच चादरीचं टोक धरून उभी राहिली, आणि सासूबाईंनी तोंड फिरवून हसू लपवलं.

गुरुवारच्या आधी सोमवार होता. सोमवारी दुपारी चार वाजता गावाबाहेरच्या माळावर पाझर तलावाच्या कामाचा शुभारंभ होता. काम सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. पुढाऱ्यांना वेळ आता मिळाला होता, म्हणून शुभारंभ आता. छापील निमंत्रणपत्रिका आमच्या घरी आली होती.

गावाकडच्या वार्ताहरांची तेव्हा एक पद्धत होती. बातमीचं पाकीट एस. टी.च्या कंडक्टरकडे द्यायचं. नगरच्या स्टँडवर दैनिकाचा शिपाई ते घेऊन जायचा. आमच्या गावाहून सोयीची गाडी साडेतीनची. समारंभ बहुतेक चारला किंवा पाचला. तेव्हा गुरुजी पत्रिका समोर ठेवून बातमी आधीच लिहीत. अध्यक्ष कोण, नारळ कोण वाढवणार, स्वागत कोण करणार, आभार कोण मानणार, सगळं पत्रिकेवर असायचं. क्रियापदं भूतकाळात घातली की बातमी तयार. सोळा वर्षांत त्यांची अशी बातमी एकदाही खोटी पडली नव्हती, कारण गावातले समारंभ पत्रिकेबाहेर जात नाहीत. मीही हे त्यांच्याकडूनच उचललं होतं. माळ घरापासून चाळीस मिनिटांवर. जाऊन-येऊन आणि समारंभ धरून तीन तास मोडले असते. मी दुपारी एकला त्यांची कूस बदलली आणि शेजारी बसून लिहिलं: अमुक यांच्या हस्ते श्रीफळ वाढवून पाझर तलावाच्या कामाचा शुभारंभ मोठ्या उत्साहात संपन्न झाला. ग्रामस्थ व मजूर मोठ्या संख्येने उपस्थित होते. त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली.

साडेतीनची गाडी दहा मिनिटं उशिरा आली. कंडक्टर ओळखीचा होता.

"वैनी, शुभारंभाची का? तो तर चारला हाय ना?"

"हो."

"आत्ता येताना मंडप बघितला. बायका उन्हात उभ्या हायेत आन् मंडपात दोन पोलीस झोपल्यात."

"होईल चारला."

"व्हईल की. आमची गाडीबी साडेतीनलाच आली," असं म्हणून त्यानं पाकीट पिशवीत टाकलं आणि घंटीची दोरी ओढली.

पाच वाजता मी सासऱ्यांना उजव्या कुशीवरून डाव्या कुशीवर केलं. उजव्या कमरेच्या हाडावर एक लाल डाग होता. तो रविवारीही होता, पण लहान. डॉक्टरांनी सांगितलं होतं, डाग बोटानं दाबून बघायचा. पांढरा पडून परत लाल झाला तर कातडी जिवंत आहे. दाबूनही लालच राहिला तर पुढचे दोन दिवस जिवापाड जपायचे, एकही पाळी चुकवायची नाही. मी दाबून बघितला. तो लालच राहिला. सासूबाई उशाशी बसल्या होत्या. त्यांनीही पाहिलं.

हे होतं न होतं तोच रस्त्यावर बायकांचा गलका ऐकू आला. माळावर कामाला जाणाऱ्या पाच जणी टोपली-फावडी घेऊन परतत होत्या. यातल्या तिघी टँकरच्या रांगेत माझ्या पुढे-मागे असत. मी दारात आले.

"काय वं गुरुजींच्या सूनबाई, आला न्हाई तुमी! लई मजा हुकली."

"कसली मजा?"

"नारळ हाय तसा जीपमदी बसून परत गेला."

सगळ्या हसल्या. मग एकमेकींचं वाक्य तोडत त्यांनी सांगितलं. कामावर पिण्याच्या पाण्याचा टँकर दोन दिवस आला नव्हता. सोमवारी दुपारी टँकर आला, तो सरळ मंडपाकडे गेला. धूळ बसावी म्हणून सगळं पाणी मंडपाभोवती आणि जीपच्या वाटेवर शिंपडलं. बायकांनी ते पाहिलं आणि मंडपात जाऊन ठाण मांडलं.

"म्हनलं, आधी पानी, मंग नारळ. आमी पानी पानी करतोय आन् हे मातीला पाजत्यात!"

"आन् ते सायेब म्हनत्यात, उठा बाई, फोटो काढायचाय. म्हनलं काढा, आमचा बसल्याला काढा!"

"मग?"

"मग काय? पुढारी आलं, बघितलं, गेलं. गाडीतून खाली पन उतरलं न्हाईत." सर्वांत वयस्क होती ती माझ्याकडे बघत म्हणाली, "आता लिवा हे पेपरात. का तुमच्या पेपरात फुटला नारळ?"

ती गंमत करत होती. तिला काही ठाऊक नव्हतं. माझ्या बातमीतलं एकच वाक्य खरं ठरलं होतं: मजूर मोठ्या संख्येने उपस्थित होते.

सव्वापाच झाले होते. पाकीट एव्हाना नगरच्या वेशीजवळ असणार. मी पोस्टाकडे धावले. पोस्टमास्तर कुलूप लावत होते. नगरची टेलिफोनची लाईन दुपारपासून बंद आहे, म्हणाले. उरलेला मार्ग एकच होता, पावणेसहाची गाडी. ती पावणेआठला नगरला पोचते. जिल्ह्याचं पान साडेआठला बंद होतं, हे गुरुजींनी कधीतरी सांगितलेलं मला ठाऊक होतं. परतीची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी सहाची.

पोस्टाहून येताना माळावरून परतणारी एक बाई एकटीच भेटली. कडेवर मूल घेऊन मागे राहिलेली. तिला थांबवून विचारलं. तिनं सगळं तसंच सांगितलं, एक सोडून. ती म्हणाली, पुढारी गाडीतून उतरले होते, हात जोडले, दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि मग गेले.

घरी येऊन मी सासऱ्यांना सगळं सांगितलं. त्यांना समजत होतं, फक्त बोलता येत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. अर्धांगवायूच्या माणसाला रडू लवकर येतं, त्याचा अर्थ लावत बसू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी लावला नाही. पिशवीत कागद आणि पेन टाकलं.

"डाग बघितलास तू," सासूबाई म्हणाल्या.

"बघितला."

"आनि तरी चाललीस."

"बातमी खोटी गेलीय, आत्याबाई. उद्या छापून येईल. नाव त्यांचं आहे."

"नाव हितं हातरुनात पडलंय. त्याची कूस बदल."

"काकूंना सांगून जाते. सातला, नऊला, अकराला, असं पहाटेपर्यंत येतील. सकाळी आठला मी आलेच."

"तुला बातमीचं पडलंय का गुरुवारचं? खरं सांग."

"दोन्हींचं," मी म्हणाले.

 सासूबाईंनी मुलीला मांडीवर ओढलं. शेजारच्या काकू चुलीपाशी होत्या. "हां हां, बघते की," असं म्हणाल्या. मी त्यांना तासांची उजळणी करायला लावली. तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं जा बाई, गाडी चुकंल."

गाडीत मी खरी बातमी लिहायला घेतली. गाडी हादरत होती, अक्षर वाचण्याजोगं येत नव्हतं. तीनदा लिहून काढली. रुईछत्तीशीला ड्रायव्हर चहाला उतरला. तो दहा मिनिटं बसला, आणि त्या दहा मिनिटांत मी एकही ओळ लिहू शकले नाही. सात वाजले तेव्हा खिडकीबाहेर बघत मी मनात चादर ओढली. डाव्या कुशीवरून उताणं.

आठला पाच मिनिटं कमी असताना नगरच्या स्टँडवर उतरले आणि पत्ता विचारत गेले. दैनिकाचं कार्यालय म्हणजे खाली छापखाना, वर एक लांबट खोली. संपादक पन्नाशीचे, सदऱ्याच्या बाह्या दुमडलेल्या. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं.

"गुरुवारी बोलावलं होतं," ते म्हणाले.

"आज दुपारी पाठवलेली बातमी खोटी आहे. समारंभ झाला नाही. मी पत्रिकेवरून आधीच लिहिली होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली हाक मारली. मिरजगावची बातमी जुळवून झाली होती. कंपोझिटर वर आला आणि म्हणाला, "साहेब, पान बांधलंय. आता काढलं तर भगदाड पडेल."

"पडू दे. काढ." मग मला म्हणाले, "काय झालं तिथं?"

मी कागद पुढे केला. त्यांनी वाचला.

"तुम्ही तिथे होतात?"

"नाही."

"पहिली बातमी लिहिलीत तेव्हा नव्हतात, दुसरी लिहिलीत तेव्हाही नव्हतात."

"नाही. पण सहा बायकांशी बोलले."

"सहाही जणी वेगवेगळ्या भेटल्या?"

"पाच एकत्र होत्या. एक वेगळी."

"वेगळीनं काय वेगळं सांगितलं?"

मी सांगितलं. त्यांनी पेन घेतलं. माझ्या कागदावर पुढारी गाडीतून खाली उतरले नाहीत असं वाक्य होतं, ते काढलं. बायका संतापल्या होत्या, हे काढलं. मातीला पाणी पाजलं, हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं आणि तेही काढलं. चार ओळी उरल्या. कामावर पिण्याचे पाणी दोन दिवस आले नव्हते. आलेले पाणी मंडपाभोवती शिंपडण्यात आले. स्त्री मजुरांनी मंडपात बैठक मारली. शुभारंभ झाला नाही. कागद खाली गेला. उरलेल्या भगदाडात त्यांनी बाजारभाव घालायला सांगितले.

पुढे मी बरीच वर्षं बातमीच्या टेबलावर काढली. इतरांच्या कागदावरची अशी वाक्यं मीही काढली. पण त्या वेळी मला ते चांगलं वाटलं नव्हतं.

"गुरुवारचं आताच बोलू," ते म्हणाले. "तालुकाभर फिरावं लागेल. कर्जत, राशीन, गरज पडेल तिथे. फिरता येईल?"

"येईल," मी म्हणाले.

"घरी गुरुजींपाशी कोण आहे?"

"सासूबाई."

"त्यांना जमतं?"

"जमतं," मी म्हणाले. दोन्ही उत्तरं खोटी होती. एक खोटी बातमी मागे घ्यायला मी इतक्या लांब आले होते आणि तिथेच उभं राहून दुसऱ्या दोन दिल्या.

सकाळी सव्वाआठला मी मिरजगावला उतरले. काकू सातला आल्या होत्या, नऊला आल्या होत्या. नंतर त्यांच्याकडे पाहुणे आले आणि त्या आल्या नाहीत. अकराला सासूबाईंनी एकटीनं चादर ओढायचा प्रयत्न केला. सासरे अर्धेच वळले आणि पुन्हा उजव्या कमरेवर आले. ज्या कमरेवर डाग होता, त्याच कमरेवर. त्यांना पुन्हा हलवायला सासूबाईंना जमेना. मग सासूबाईंनी आपला हात त्यांच्या कमरेखाली घातला आणि हाड जमिनीला टेकू नये म्हणून तशाच बसून राहिल्या. पहाटे पाचला काकू आल्या तेव्हा हात सुजलेला होता, हे काकूंनीच मला सांगितलं.

मी कूस बदलली. डागाच्या जागी कातडी उघडली होती. जखम बोराएवढी. सासूबाई म्हणाल्या, "आली का बातमी?"

"येईल. पेपर दहाला येतो."

"बरं," त्या म्हणाल्या आणि सुजलेला हात पदराखाली घेतला. त्या रात्रीबद्दल त्याहून एक शब्द जास्त त्या कधी बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

चौथ्या दिवशी नेमणुकीचं पत्र आलं. कर्जत तालुका वार्ताहर म्हणून त्यावर माझं पूर्ण नाव होतं, टाईप केलेलं. मी जखम धुऊन मलम लावत होते. पत्र एका हातात धरून वाचलं आणि सातवीपासून ज्याची वाट पाहिली ते हातात असताना मला काहीच वाटलं नाही. कापसाचा बोळा चिकटू नये म्हणून दुसरा हात वर धरला होता, एवढं आठवतं.

दोन दिवस पत्र कपाटात होतं. हे काम देवानं दिलं आहे याबद्दल मला शंका नव्हती, आणि जखम माझ्या जाण्यानं झाली याबद्दलही नव्हती. शेवटी मी उत्तर लिहिलं. कार्यालयात दिलेली दोन्ही उत्तरं चुकीची होती, असं आधी लिहिलं. मग लिहिलं की मला एका वेळी दोन तासांपेक्षा जास्त घराबाहेर राहता येत नाही. पाऊण तास जायला, अर्धा तास तिथे, पाऊण तास यायला. या अंतरात जे घडेल आणि जे मी स्वतः पाहीन, तेवढंच पाठवीन. पत्रिकेवरून एकही बातमी पाठवणार नाही. हे चालत नसेल तर नेमणूक परत घ्यावी.

पत्र टाकून आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "काय लिवलंस?"

मी सांगितलं.

"म्हंजी गेलं," त्या म्हणाल्या.

"गेलं तर गेलं."

"तसं म्हनू नको," त्या एकदम चिडून म्हणाल्या. "इतकं केलंस ते गेलं तर गेलं म्हनायला?"

एकोणीस दिवस उत्तर आलं नाही. या काळात मी तीन बातम्या पाठवल्या. एकही छापून आली नाही. कंडक्टर पाकीट घेताना आता काही बोलत नसे, आणि मला वाटे की त्यालाही कळलं आहे. दहाला पेपर आला की सासूबाई तो माझ्याआधी उघडत. त्यांना वाचता येत नव्हतं. चौथ्या पानावर गावाचं नाव कसं दिसतं, ते त्यांनी सासऱ्यांच्या जुन्या कात्रणांवरून ओळखीचं करून घेतलं होतं. तेवढं शोधत आणि न बोलता पेपर माझ्याकडे देत. जखम आधी वाढली, मग थांबली, मग कडेनं भरायला लागली.

विसाव्या दिवशी कार्ड आलं. तालुक्याचे काम कर्जतच्या एका गृहस्थांकडे दिले आहे. मिरजगाव आपल्याकडे, आपण म्हणता त्या अटीवर. नाव छापू.

तालुका गेला. जे उरलं ते दोन तासांच्या आतलं होतं. मला जे दिलं गेलं त्याची हद्दही देणाऱ्यानंच आखली, असं मी तेव्हा मानलं, आणि अजूनही मानते. सोपं म्हणून नव्हे. त्या हद्दीबाहेर काय घडत होतं ते मला रोज ऐकू येत होतं.

नावानिशी पहिली बातमी गुरांच्या छावणीची. छावणी पस्तीस मिनिटांच्या वाटेवर. सासऱ्यांची तीनची पाळी करून निघाले. चाऱ्याचे ट्रक आले होते. मी मोजले, अकरा. उतरवणं सुरू झालं. छावणीवरचा कारकून म्हणाला, "बाई, बसा, चहा येतोय, सगळे उतरले की आकडा देतो लिहून." मी घड्याळ पाहिलं आणि चार वाजून वीस मिनिटांनी उठले. तोवर सात उतरले होते.

बातमीत मी लिहिलं, अकरा ट्रक आले, सात उतरवताना पाहिले. उरलेले चार उतरले असतील. मी पाहिले नाहीत.